महिरपीच्या पाठीवरची खूण

बाबा,

तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. ती आधीच विचारली तर तुम्ही कानामागची पेन्सिल काढून एखाद्या फळीवर वाकाल आणि ऐकलंच नाही असं दाखवाल, म्हणून ती शेवटी विचारते. तोवर माझं बाकीचं ऐकून घ्या. जिवंतपणी तुम्हाला कधी वेळ नव्हता. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली, आता तरी घाई असायचं कारण नाही.

सध्या मी एक घर बांधते आहे. अमरावतीत, आमच्याच घराच्या मागच्या खोलीत, जेवणाच्या जुन्या टेबलावर. जमिनीवर ठेवलं तर माझ्या गुडघ्याच्या थोडं वर येईल, एवढंच. बाहुल्यांचं घर. हल्ली असली घरं खोक्यातून येतात. पातळ प्लायचे तक्ते असतात, त्यात भिंती, जिना, खिडक्या आधीच कापलेल्या, प्रत्येक तुकड्यावर नंबर. आपण फक्त ते सोडवायचे, घासायचे आणि चिकटवायचे. सोबतच्या कागदावर चित्रं आहेत आणि मुंगीएवढ्या अक्षरात सूचना. त्या आमचे हे भिंग लावून मोठ्यानं वाचतात आणि मी त्या ऐकत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी खोक्यात डोकावून विचारलं, "काहून वो, कायची मगजमारी करून राहिली ह्या वयात?" शेजारच्या बाईंनी विचारलं, नातीसाठी का हो काकू? मी हो म्हटलं. मला नात नाही. पण बासष्टाव्या वर्षी स्वतःसाठी बाहुलीघर बांधणाऱ्या बाईकडे लोक कसं बघतात ते मला माहीत आहे आणि त्यांना उत्तरं देत बसण्याची मला हौस नाही.

बाकी घर उभं राहिलं सुतासारखं सरळ. अडलं ते आतल्या कमानींपाशी. तीन कमानी आहेत. एक बैठकीतून स्वयंपाकघरात जायची, एक जिन्याच्या तोंडाशी, एक वरच्या खोलीत. भिंतीतल्या प्रत्येक कमानीच्या आत एक वेगळी पातळ किनार बसवायची असते, म्हणजे कापलेली कड झाकते. पण मी आधी फरशी चिकटवून बसले होते. त्या फरशीची जाडी किनार करणाऱ्यानं धरलीच नव्हती. किनार आत सरकवली की तिचे पाय फरशीवर टेकायचे आणि डोकं भिंतीतल्या कमानीच्या वर निघायचं. हे म्हणाले, "वरून घास ना थोडं, बसून जाईन." आणि बाबा, त्या क्षणी मला तुमचा आवाज आला. आठवण वगैरे नाही, आवाज. "डोक्शाले हात नाही लावाचा. कमान बसत नसन तर पाय कापाचे. दोन्ही सारखे." डोकं घासलं की गोलाई मोडते, ती पुन्हा कशानं येत नाही. पायातलं सूतभर गेलेलं कोणाला दिसत नाही. मी तिन्ही किनारींचे पाय एकत्र धरून, एकाच रेघेवर, बारीक करवतीनं कापले. चपखल बसल्या. हे म्हणाले, "अरे वा, कागदात तर असं काही लिहून नाही." मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. माझ्या हातात जे काही चांगलं आहे ते तुमचं निघतं आणि तुम्ही ते मला दिलेलं नाही. मी ते चोरून घेतलं आहे.

अकोल्याच्या जुन्या शहरातलं, मोर्णा नदीच्या पुलाकडचं आपलं सुतारकामाचं दुकान. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. शाळेतून आले की मी दप्तर टाकून भुशातच बसायची. लाकूड चिकटवायच्या सरसाचं डबडं शेगडीवर खदखदतं आहे, त्याचा वास आईला सहन होत नाही म्हणून मधल्या दाराला पोत्याचा पडदा आहे. तुमच्या जिभेचं टोक नेहमी जांभळं. ती जांभळी पेन्सिल जिभेवर ओली केल्याशिवाय तुम्ही एकही रेघ मारत नव्हता, आणि दुसऱ्या कोणाला तिला हात लावू देत नव्हता. दादा, मी आणि कारागीर, सगळ्यांना साधी पेन्सिल. आणि प्रत्येकाची एक खूण. ज्यानं जो तुकडा केला त्यानं त्याच्या पाठीवर, जिथं पॉलिश लागत नाही तिथं, आपली खूण करायची. गिऱ्हाइकाची तक्रार आली की तुम्ही तुकडा उलटा करायचात आणि कोणाला शिव्या द्यायच्या ते तुम्हाला कळायचं. दादाची खूण साधी फुली. तुमची छत्री, म्हणजे अर्धा गोल आणि खाली उभी रेघ. तुमचे हात भरलेले असले की तुम्ही नुसती हनुवटी हलवायचात आणि ती छत्री मी काढायची, साध्या पेन्सिलीनं. शेकडो फळ्यांच्या पाठीवर मी तुमची छत्री काढली आहे. मला खूण नव्हती. कशाला असेल? मी तर नुसती बसायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळी हत्यारं घासून, तेल लावून, पाटावर मांडून मी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी हळदकुंकू दादा वाहायचा.

मग तो देव्हारा. मी नववीत होते. ताजनापेठेतल्या वकिलांच्या घरचा, सागवानी, कळसासकट माझ्या छातीपर्यंत उंच. समोर पाच पाकळ्यांची महिरप. त्या पावसाळ्यात तुमच्या उजव्या डोळ्यात करवतीवरून उडालेली लाकडाची ढलपी गेली होती. डोळा वाचला, पण नजर पहिल्यासारखी राहिली नाही आणि हे तुम्ही आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. तुम्ही ओळंबा बघताना मान वाकडी करायला लागला होता. महिरप तुम्ही स्वतः कापली आणि तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धं सूत खाली उतरला. दादानं पाहिलं आणि मान फिरवली. कारागीर त्या दिवशी नव्हता. तुम्ही महिरप तशीच फळीवर ठेवलीत आणि जेवायला आत गेलात. संध्याकाळी वकीलकाकू देव्हारा बघायला येणार होत्या.

मी काय केलं ते मला आजही हाताला आठवतं. वहीचं पान फाडलं. महिरपीची चांगली बाजू, उजवी, त्यावर कागद ठेवून कडेनं नख फिरवलं. तो आकार कापला, मधल्या रेघेवर उलटा केला आणि डाव्या बाजूवर धरला. कुठं लाकूड जास्त राहिलं आहे ते स्वच्छ दिसलं. बारीक पात्याच्या करवतीनं तेवढंच काढलं, रेघ ठेवून, मग अर्धगोल कानस, मग पॉलिश पेपर. दादा समोर सरस ढवळत बसला होता. तो म्हणाला, "बाई, बाबा मारतीन." मी म्हटलं, मारू दे. झाल्यावर मी महिरप उलटी केली आणि खिळ्याच्या टोकानं तिच्या पाठीवर एक खूण कोरली. माझी. त्या दिवशी, तिथल्या तिथं सुचलेली. पेन्सिलीनं नाही केली, कोरली, कारण पेन्सिल पुसता येते एवढी अक्कल मला चौदाव्या वर्षीही होती.

तुम्ही जेवून आलात. महिरप उचललीत आणि डोळ्यांनी न बघता अंगठा फिरवलात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डाव्या खांद्यावर अंगठा थांबला. पुन्हा फिरवला. "कोनं हात लावला इले?" मी म्हटलं, "म्या." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मी मार खायला तयार होते आणि मनातून, खोटं कशाला बोलू, शाबासकीलाही तयार होते. तुम्ही म्हणालात, "जाय, आत जाऊन चहा ठेव. वकीलीनबाई येतीन." मी चहा ठेवला. मी इतकी खुशीत होते की साखर दोनदा टाकली.

काकू आल्या. तोवर महिरप देव्हाऱ्याला लागली होती. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं, पदर सावरून आणखी जवळ गेल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, एवढी देखणी महिरप अकोल्यात मी पाहिली नाही हो. कोणाचा हात आहे?" मी चहाचा कप घेऊन त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. तुम्ही म्हणालात, "माह्या पोरानं केली. हात चांगला हाये त्याचा." दादाचे कान लाल झाले. तो सरसाच्या डबड्यावर वाकला. मी कप काकूंपुढे धरला. काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या भावाच्या घरच्या दारांचं काम आलं, "त्या मुलाच्याच हातून हवं" असा निरोप घेऊन. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येऊन भुशात बसले तर तुम्ही रंधा न थांबवता म्हणालात, "आता दुकानात नको येत जाऊ, पोरी. मोठी झाली तू. लोकं पाह्यतात." पोत्याचा पडदा त्या दिवसापासून माझ्यासाठी भिंत झाला. आईनं मला पोळ्या लाटायला बसवलं.

मी पुढे ट्रेसर झाले हे तुम्ही लोकांना अभिमानानं सांगायचात म्हणे. पोरगी सरकारी नोकरीत आहे. काम काय, तर इंजिनियरनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि त्याच्या रेघा शाईनं जशाच्या तशा गिरवायच्या. खाली सही त्याची. पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या, फार सुबक गिरवल्या. सवय लहानपणापासूनच होती. लग्नात तुम्ही मला सागवानाचा पोळपाट करून दिलात. खाली तुमची छत्री, कोरलेली, पाण्यानं जाऊ नये म्हणून. तुम्ही गेलात तेव्हा तेराव्याला हत्यारांची पेटी दादाला मिळाली आणि मला माहेरची साडी. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी त्या पोळपाटावर आजही पोळ्या लाटते. चांगला आहे, अजून वाकलेला नाही.

एवढं सगळं असूनही मी तुमच्यासाठी एक सबब तयार करून ठेवली होती. ती मी इतकी वर्षं जपली. मला वाटायचं, बाबांना नीट कळलंच नसेल. त्यांना वाटलं असेल, पोरीनं नुसता पॉलिश पेपर मारला. महिरप पाठीमागून त्यांनी पाहिलीच नसेल. काकूंनी एकदम विचारलं आणि बापाच्या तोंडून पोराचं नाव निसटलं, जसं कुठल्याही बापाच्या तोंडून निसटेल. नंतर ते फिरवायची लाज वाटली असेल. माणूस आहे, चुकतो. ही सबब माझी मीच केली होती आणि मला ती चांगली बसली होती.

मागच्या महिन्यात दादाचा फोन आला. वकिलांची नातवंडं घर विकून पुण्याच्या फ्लॅटमध्ये चालली आहेत, तिथं एवढा देव्हारा मावत नाही, लहान करून द्या म्हणून त्यांनी तो दादाच्या दुकानात आणून टाकला होता. "बाई, तू येऊन जाय एकदा," दादा म्हणाला. कशाला ते सांगेना. मी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडली. मूर्तिजापूर गेलं आणि मला वाटायला लागलं की मी पुन्हा नववीत आहे आणि मला मार मिळणार आहे. दुकानात आता मशिनी आहेत, शेगडी नाही. दादाचे केस पांढरे झाले आहेत आणि तोही ओळंबा बघताना मान वाकडी करतो. त्यानं महिरप देव्हाऱ्यावरून उतरवून टेबलावर पालथी ठेवली होती. मी जवळ गेले तसा तो बाजूला झाला.

बाबा, पाठीवर जिथं मी कोरलं होतं तिथं खळगा आहे. रुपयाएवढा, उथळ. पटाशीनं, तिरपे हात मारून, शांतपणे तासलेला. तुमचे हात. घाईत मारलेली पटाशी कडा फाडते हे तुम्हीच सांगायचात, आणि इथं एक कड फाटलेली नाही. आणि त्या खळग्याच्या शेजारी फुली आहे. दादाची खूण. जांभळ्या पेन्सिलीनं काढलेली.

"म्या नाही काढली ती, बाई," दादा म्हणाला. "तुले मालूम हाये. ते पेन्सिल मले कधी भेटली का?" मी म्हटलं, मला दिसतं आहे. तो म्हणाला, "मी तवाच बोलायले पायजे होतं." हो, पाहिजे होतं. पण दादावर रागवायला माझ्याकडे राग उरला नव्हता. मी हिशेब लावत होते त्या दुपारचा. मी चहा ठेवायला आत गेले तेव्हा तुम्ही पटाशी घेतलीत. काकू यायच्या आधी, कारण त्या आल्या तेव्हा महिरप देव्हाऱ्याला लागून तिची पाठ झाकली गेली होती. त्यांनी काही विचारायच्या आधी. म्हणजे ते तुमच्या तोंडून निसटलं नव्हतं. तुम्हाला कळलं होतं, अगदी नीट कळलं होतं, माझा हात कसा आहे ते. घरात तो एकट्या तुम्हालाच कळला होता. आणि कळल्यावर तुम्ही जे पहिलं काम केलंत ते हे. माझी इतक्या वर्षांची सबब तुम्ही पाच मिनिटांच्या कामानं आधीच मोडून ठेवली होती, मला फक्त उशिरा कळलं.

तुम्ही वाईट माणूस होतात असं मी म्हणत नाही. डोळा जाणार याची भीती होती, दुकान पोराच्या नावावर चालायला हवं होतं, पोरीच्या हातच्या दरवाज्यांना त्या काळी कोणी विचारलं नसतं. हे सगळं मी तुमच्या बाजूनं बोलू शकते, तुमच्यापेक्षा चांगलं बोलू शकते. पण मला येऊन सांगता आलं असतं. पोत्याच्या पडद्याआडून का होईना, एकदा. "महिरप चांगली झाली होती, पोरी." तुम्ही नंतर चोवीस वर्षं जिवंत होतात. दिवाळीला येत होते मी. चार दिवस राहत होते.

दादा म्हणाला, "हे घेऊन जाय तू. त्याईले नाही लागत आता." मी नाही आणली. फुली त्याची आहे, राहू दे त्याच्याकडे. निघताना त्यानं विचारलं, "बाई, तुही खूण कशी होती वो? म्या पाह्यली नव्हती. तू पालथी करून काई तरी कोरलं एवढंच आठवते." मी एकदम खेकसले, "तुले काय करायचं आता?" परत येताना गाडीत मी फोनवर ते बाहुलीघर मागवलं. त्याच्या चित्रात आत तीन कमानी दिसत होत्या, म्हणून.

आता त्यातल्या स्वयंपाकघराच्या कमानीचं सांगते. किनार बसली, पण कमान साधी होती, नुसता अर्धा गोल. मला तिथं महिरप हवी होती. मी किनार काढली आणि भिंत पुन्हा सोडवली. हे कपाळाला हात लावून म्हणाले, "झालं, पाडलं घर." कागद मधोमध दुमडला, अडीच पाकळ्या काढल्या, कापून उघडला तर पाच. प्लायच्या कडेची साल निघते म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि भिंतीतच रेघ ठेवून कापलं. डावा खांदा, उजवा खांदा. मग बारीक कानशी. तीन दुपारी गेल्या. काल संपलं. मी डोळे मिटून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तो कुठंही थांबला नाही. ह्यांनी कोचावरून उठून येऊन पाहिलं आणि म्हणाले, "च्यायला. हे तू केलं?" बस, एवढंच. एवढंच हवं होतं मला, बाबा, आणि ते मला एका भिंग लावणाऱ्या रिटायर माणसाकडून मिळालं.

आज भिंत कायमची चिकटवायची होती. गोंद काढून ठेवला. त्याआधी महिरप पालथी केली, खिळा घेतला आणि वाकले. हात पहिल्यांदा गेला तो छत्रीवर. अर्धा गोल काढायला सुरुवातच केली होती, तेवढ्यात थांबवला. मग स्वतःची काढायला गेले. खिळा टेकवून किती वेळ बसले होते कोण जाणे. हे दोनदा येऊन बघून गेले. गोंदाला साय आली.

दादाला वाटतं, मी त्या दिवशी रागानं सांगितलं नाही. तसं नव्हतं. मला आठवत नाही. मी ती आयुष्यात एकदाच काढली. दोन रेघा होत्या का, टिंब होतं का, पान होतं का काही, कितीदा डोळे मिटून पाहिलं, खिळ्याचा दाब आठवतो, सागवानाचा वास आठवतो, खूण आठवत नाही. भिंत अजून टेबलावर पालथी पडली आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाही हे मला कळतं, लिहून झालं की पोळपाटाखाली ठेवीन. तरी विचारते. माझ्याशिवाय ती फक्त तुम्ही पाहिली होती, बाबा. तासायच्या आधी नीट पाहिली असेल. कशी होती?